मुरलेला पाय

"मॅडम, हा पाय मला वळवतो," नाझिया म्हणाली.

पद्मजा मगदूमने हातातली फूटपट्टी खाली ठेवली. मिरजेच्या त्या कार्यशाळेत कृत्रिम पायांच्या तक्रारी रोजच्याच होत्या. पाय बोचतो, करकरतो, आत घाम साठतो. अशी तक्रार मात्र तिने आजवर ऐकली नव्हती.

"वळवतो म्हणजे? पाऊल आत वळतं का?"

"पाऊल नाही, मला वळवतो. मी सरळ निघते आणि जरा पुढं गेले की डावीकडं वळलेली असते. मोकळ्या मैदानावर सोडलं तर लांबट फेऱ्या मारत राहते. घाण्याच्या बैलासारखी."

"बैल बरा," बाकावरून तिची अम्मी म्हणाली. "बैल निदान जवान तरी असतो. ही म्हाताऱ्यासारखी चालायला लागलीय. या वयात! शेजारीण मला विचारते, तुमच्याकडं पाहुणे आलेत का कुणी."

नाझिया मुजावर खो-खो खेळायची. हुलकावणी देण्यात जिल्ह्यात तिचा हात कुणी धरत नव्हतं. उजवा खांदा टाकून ती डावीकडे निसटायची आणि पाठलाग करणारी मुलगी हवेत हात मारत राहायची. मग एका टेम्पोच्या चाकाखाली डावा पाय घोट्याच्या वरपर्यंत गेला. तरी खेळ सुटला नाही. इचलकरंजीच्या एका क्रीडा मंडळात ती लहान मुलींना शिकवत होती, आणि कृत्रिम पाय लावून खेळणाऱ्यांच्या संघाची निवड उन्हाळ्यात होणार होती. तिला त्या संघात जायचं होतं.

"चालून दाखव," पद्मजा म्हणाली.

नाझिया व्हरांड्यात गेली. तिथे जमिनीवर दाबाची चटई अंथरलेली होती. पाऊल पडेल तिथे किती भार आला ते रंगांत दाखवणारा पडदा भिंतीवर होता. नाझिया निघाली. डावं पाऊल ती बाहेरच्या कडेवर टाकत होती, जरा तिरपं, दोन्ही बाजूंना काहीतरी असावं आणि त्याला धक्का लागू नये अशा बेताने. व्हरांडा चांगला प्रशस्त होता. टोकाला पोचल्यावर ती डाव्या टाचेवर डावीकडे फिरली आणि थांबली. भार एका बाजूला गेला, मान किंचित कलली, आणि ती तशीच उभी राहिली. कुठूनतरी काही ऐकू येतंय का, हे पाहत असल्यासारखी.

पद्मजाने पडद्याकडे पाहिलंच नाही. त्याची गरज नव्हती.

आप्पा असे चालायचे.

पद्मजाचे वडील इचलकरंजीत जॉबर होते. यंत्रमागांच्या अरुंद बोळांतून दिवसभर फिरायचं, बिघडलेला माग दुरुस्त करायचा. ओळीच्या टोकाशी थांबून ते कान द्यायचे. एवढ्या खडखडाटात एखादा माग गप्प झाला तर तो त्यांना बरोबर ऐकू यायचा. साखरेच्या आजाराने डावा पाय गेल्यावरही ते मुलीने केलेला पाय लावून तसेच फिरत राहिले. गेल्या दिवाळीच्या आधी ते वारले.

"जोडणीत दोष असेल," पद्मजा म्हणाली. "बघते मी."

*

पॉलिएस्टर आणि रबर यांचं मुळात पटत नाही. दोन्ही वितळवून कितीही घुसळा, थंड होताना ती वेगळी होतात. रबराच्या समुद्रात पॉलिएस्टरची बेटं उरतात आणि जरा ताण पडला की बेटाच्या काठाशी भेग जाते. इचलकरंजीत पॉलिएस्टरच्या चिंध्यांचे डोंगर होते आणि रस्त्याकडेला झिजलेल्या टायरांचे. या दोन्हींचा मिळून काही उपयोग व्हावा म्हणून पद्मजाने उमेदीची सगळी वर्षं घातली होती.

त्यावरचा उपाय रसायनशास्त्रात जुनाच आहे. रबराच्या लांब साखळ्यांना जागोजागी छोटे रासायनिक आकडे जोडायचे. हे आकडे पॉलिएस्टरच्या साखळ्यांची टोकं पकडतात आणि काठाशी दोघांना बांधून ठेवतात. सोयरीक जमवणाऱ्या माणसाची जशी दोन्ही घरांत उठबस लागते, तसंच हे. पद्मजाची भर एवढीच, की तिचा आकडा धरलेलं टोक सोडूही शकायचा. एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब आला की तो ओढलेलं टोक सोडायचा आणि शेजारचं सैल टोक धरायचा. त्यामुळे तो पदार्थ तुटत नसे. जसा भार येईल तशी आतून आपली मांडणी बदलून घेई.

अशा पदार्थाचा पाय वापरता वापरता त्या माणसाचाच होऊन जाई. जिथे टाच आपटते तिथे मऊ, जिथून पाऊल उचलतं तिथे ताठ. नवी चप्पल रुळते तसंच, पण कितीतरी खोलवर. कार्यशाळेत याला पाय मुरणं म्हणत.

मुरलेला पाय दुसऱ्याला लावायचा नाही, हा नियम पद्मजानेच केला होता. माणूस गेला की पाय परत यायचा, दळला जायचा आणि त्याचा भुगा नव्या साच्यात भरला जायचा. दळल्यावर कण उलटसुलट पडत, आतली मांडणी मोडे आणि नवा पाय कोरा निघे. कारण साधं होतं. माणूस पायाला शिकवतो तसा पायही माणसाला शिकवतो. ताठ कडेवर पाऊल आपोआप कलतं, पाऊल कललं की गुडघा फिरतो, गुडघ्यामागे कंबर. शरीर नेहमी कमी कष्टाची वाट धरतं आणि काही दिवसांनी त्या वाटेलाच आपली चाल समजू लागतं.

संध्याकाळी बाकीचे गेल्यावर पद्मजा साच्यांच्या खोलीत गेली. लोहारमामा हात धूत होते. कार्यशाळेतले सगळ्यांत जुने कारागीर. त्यांना ही नोकरी आप्पांनीच लावून दिली होती.

"मामा, नाझियाला कुठला पाय दिलात?"

"कोरा दिलाय की."

"मामा."

त्यांनी हात पुसले. मग पुसलेलेच हात पुन्हा पुसले.

"आप्पांचा," ते म्हणाले.

"दळला नाहीत?"

"कसा दळू, पद्माताई? दर पाडव्याला त्या पायांवर डोकं ठेवलंय मी. उजव्यावरही आणि तुम्ही केलेल्या डाव्यावरही. तेव्हा आप्पा हसायचे, म्हणायचे, अरे तो तर टायरचा आहे. पण आपल्यासाठी पाय तो पायच की हो. तो उचलून दळणात टाकायचा? माझा हात पुढं जाईना."

"आणि बाकीचे कसे दळता?"

"बाकीचे काय ओळखीचे होते?" मामा जरा चिडूनच बोलले. "वरचं आवरण नवीन चढवलं, बोटं तासून बारीक केली. आत काडीचीही झीज नव्हती. पोरीला नड होती. म्हटलं, आप्पांचं पुण्य कुणाच्या तरी कामी येईल."

मामांचं चुकलं होतं, हे उघड होतं. तरी परत आलेल्या पायाची पेटी उघडून, त्यावर हात ठेवून ते उभे राहिलेले तिला डोळ्यांसमोर दिसत होते, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे तिला सांगता येत नव्हतं.

"नवा पाय ओता," ती म्हणाली. "कोरा. उद्याच. आणखी काही आठवडे ती या पायावर चालली तर तिचा चांगला पायही तसाच चालायला लागेल. मग पाय बदलूनही उपयोग नाही."

*

इचलकरंजीत आता माग माणसांवाचून चालत. शहराबाहेरच्या बंद इमारतींत यंत्रंच यंत्रांची दुखणी काढत. मगदुमांच्या घराखालच्या, आप्पा जिथे जॉबर होते त्या कारखान्यातले माग आप्पांच्या शेवटच्या आजारपणात भंगारात गेले होते. वर पद्मजा आणि तिची आई राहत. आप्पा गेल्यापासून आई वाढलं तर जेवायची, विचारलं तर बोलायची. बाकी वेळ खिडकीपाशी बसून असायची.

रविवारी सकाळी जिन्यात पावलं वाजली. जड, तिरपं एक, मग सरळ एक.

पद्मजा स्वयंपाकघरात होती. ती बाहेर येईपर्यंत आई खिडकीपासून उठली होती. डोक्यावर पदर घेऊन, तांब्याभांडं हातात धरून ती दाराशी उभी होती. किती महिन्यांत ती आपणहून उठली नव्हती.

दार उघडलं. दारात नाझिया होती, घामाघूम.

आई दचकली नाही. तिने मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खाली पायांकडे, आणि तांब्या पुढे केला. "ये बाई. दमलीस. पाणी घे."

"मॅडम, माफ करा, घरी आले," पाणी पिऊन नाझिया म्हणाली. "पण मला राहवेना. आज मुली पळत होत्या, मी मागून जात होते आणि मधेच थांबले. कान देऊन. मी काहीतरी ऐकतेय असं वाटून मुलीही थांबल्या. सगळं मैदान गप्प. एक लहानी रडायलाच लागली."

"काय ऐकत होतीस?"

"काहीच नाही. हेच तर. काहीतरी बंद पडलंय असं वाटत होतं. काय ते कळेना."

पद्मजाने तिला समजावलं. टाच अशी दबली की भार डावीकडे जातो, भार डावीकडे गेला की तोल राखायला मान उजवीकडे कलते, आणि मान कलली की माणसाला आपण ऐकतोय असं वाटतं. तिचं बोलणं शास्त्राला धरून होतं. नाझियाने मान डोलावली. आई कोपऱ्यात बसून दोघींकडे पाहत होती, पण बोलण्याकडे तिचं लक्ष नव्हतं. निघताना नाझिया जिना उतरली तेव्हा आईने डोळे मिटले होते.

दुपारी आईने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि आमटी पुन्हा मागून घेतली.

"पदा, ती पोरगी परत कधी येणार?"

"का गं?"

"काही नाही. आपलं विचारलं."

नवा पाय बुधवारी तयार झाला. लोहारमामांनी तो कापडात गुंडाळून पद्मजाच्या टेबलावर आणून ठेवला. पद्मजाने तो कपाटात ठेवला आणि नाझियाला फोन केला.

"अजून थोडी मापं घ्यावी लागतील," ती म्हणाली. "मिरजेला यायचा त्रास नको. रविवारी घरीच येत जा."

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. त्यामुळेच बहुधा ते इतकं सरळ निघालं.

*

रविवार येत गेले. आई सकाळपासून तयार असायची. केसांना तेल, स्वच्छ लुगडं, शेगडीवर काहीतरी रटरटत असायचं. नाझियाला ती कधी शेंगदाण्याची पोळी द्यायची, कधी धपाटे. "खा गं, हाडं दिसायला लागलीत," म्हणायची. नाझिया आजी आजी करत खायची आणि हसवायची. पण ती बसलेली असताना आईला तिच्यात फारसा रस नसे. "जरा गच्चीपर्यंत जाऊन ये," आई सांगायची. "वाळवण बघून ये." मग खिडकीशी बसून ती पावलं ऐकायची.

पद्मजाही ऐकायची. हातात माप घ्यायची पट्टी धरून ती मधल्या दारात उभी राहायची. आता ती पावलं मुद्दाम लक्ष देऊन ओळखावी लागत नव्हती. पहिल्यासारखी अडखळतही नव्हती. पाय एकटा चालत होता तेव्हा त्यात नाझियाची थोडी ओढाताण ऐकू येई. आता सगळं शरीर त्याच्याबरोबर चालायला लागलं होतं, आणि चाल दिवसेंदिवस जास्त आप्पांची होत होती. याचा अर्थ काय, हे त्या घरात फक्त पद्मजाला कळत होतं. पुढच्या आठवड्यात देऊ, ती स्वतःला सांगायची. आई आता जेवते आहे. पुढच्या आठवड्यात.

एकदा नाझिया गच्चीवरून परत आली नाही. पद्मजा शोधत खाली गेली, तर कारखान्याचं दार उघडं होतं.

आत उन्हाचे पट्टे पडले होते. माग गेले होते. जमिनीत त्यांच्या बोल्टांची भोकं तेवढी राहिली होती. त्या भोकांच्या दोन ओळींमधून, जिथे पूर्वी बोळ होता तिथून, नाझिया चालत होती. डोळे मिटून.

"नाझिया!"

"मॅडम, इथं पाय दुखतच नाही." तिने डोळे उघडले नाहीत. "दुसरीकडं कुठंही चालले तरी पायाशी भांडावं लागतं. इथं तो बसतो. प्रत्येक पाऊल खाचेत बसल्यासारखं."

पद्मजाने खाली पाहिलं. शहाबादी फरशी बोळाच्या मधोमध झिजली होती. चाळीस वर्षं एकाच माणसाने तुडवलेली वाट. शेवटची सहा वर्षं या पायाने ती फरशी झिजवली होती आणि फरशीने या पायाची कड घडवली होती. एकमेकांत बसणारच. त्यात नवल काही नव्हतं. एवढं स्वच्छ कारण समोर असतानाही तिने त्या बोळात पाऊल टाकलं नाही.

नाझिया ओळीच्या टोकाआधीच एका जागी थांबली. तिथे फरशी जास्त खोल गेली होती. तिची मान कलली.

"इथं कुणी फार वेळ उभं राहायचं का?" तिने विचारलं.

तिथला माग सारखा बंद पडायचा. आप्पा त्याला शिव्या घालायचे आणि तो भंगारात जाताना त्याच्याच अंगावरून हात फिरवून आले होते. पद्मजा काही बोलणार, तोच वरून आईचा आवाज आला. मोकळा, रोजचा, वर्षानुवर्षं याच जिन्यातून खाली येणारा.

"अहो, चहा ठेवलाय."

दोघी जागच्या हलल्या नाहीत.

"कुणाला म्हणाल्या आजी?" नाझियाने हळूच विचारलं.

"मला."

"तुम्हाला अहो म्हणतात?"

नाझियाने डोळे उघडून आधी फरशीकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे.

"मॅडम, हा पाय कुणाचा होता?"

"चल वर," पद्मजा म्हणाली. "चहा गार होईल."

*

पुढच्या रविवारी जिन्यात दोघींची पावलं वाजली. नाझियाबरोबर अम्मी आली होती. तिने बसायलाही नकार दिला.

"मापं, मापं, मापं! असली कसली मापं, ताई? शिंप्याने एवढी घेतली असती तर आमच्या खानदानाचे कपडे शिवून झाले असते. पाय देणार का नाही ते सांगा."

"अम्मी, हळू," नाझिया म्हणाली.

"का हळू? तुला माहीत नाही माझं काय झालंय ते." अम्मी पद्मजाकडे वळली. तिचा आवाज एकदम खाली आला. "ही शाळेतून यायची, मैदानावरून यायची, गल्लीच्या तोंडाशी हिची पावलं वाजली की मी भाकरी तव्यावर टाकायची. दार वाजवायची पाळी हिच्यावर कधी आली नाही. पाय गेला, कुबड्या आल्या, तरी मला कळायचं. त्यातही हिचीच चाल होती. आता दारात येऊन उभी राहते आणि मला वाटतं, कोण परका माणूस आलाय. परवा मी आतून कडी घातली. माझ्याच पोरीची पावलं ऐकून."

शेगडीवरचं दूध उतू जायला लागलं. कोपऱ्यात बसलेली आई उठली आणि आत जाऊन तिने गॅस बंद केला. ती परत आली तेव्हा डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता.

"ही चाल माझ्या मालकांची आहे, बाई," ती अम्मीला म्हणाली. "पाय त्यांचाच असणार. मला कुणी सांगितलं नाही, पण पहिल्या दिवसापासून कळत होतं. त्यांची पावलं म्हणून मी इथं ऐकत बसले. तुमच्या दारात पोरीची पावलं वाजत नसतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." मग तिने पद्मजाकडे पाहिलं. "तुझ्या डोक्यात होतं. तू शिकलेली आहेस."

नाझिया खुर्चीवर बसली. "मॅडम, नवा पाय तयार आहे का?"

"आहे."

"कधीपासून?"

"तू पहिल्यांदा इथं आलीस, त्याच आठवड्यापासून."

नाझियाने आवाज चढवला नाही. वाकून तिने पट्टे सोडले, पाय काढला आणि खुर्चीसमोर जमिनीवर उभा करून ठेवला. मग अम्मीच्या खांद्यावर हात टाकून ती निघाली. जिन्यावरून एका पायाच्या उड्या खाली जाताना ऐकू येत राहिल्या.

पाय तिथेच उभा होता, दाराकडे तोंड करून. आईने त्याला हात लावला नाही. त्याच्याकडे पाहून ती म्हणाली, "माणूस गेलं की जाऊ द्यावं गं. सुतक धरतो ते कशासाठी? दळ तो."

*

लोहारमामा बाहेर जाऊन उभे राहिले. पद्मजाने पाय यंत्रात घातला आणि बटण दाबलं. आवाज फार मोठा झाला आणि लगेच संपला. खालच्या पेटीत काळसर भुगा पडला. तिने त्यात हात घातला. चिंध्या आणि टायर, दुसरं काही नाही. मुठीतून तो कसाही ओघळत होता.

नाझिया ठरलेल्या वेळी अम्मीबरोबर, कुबड्यांवर कार्यशाळेत आली. तिने नमस्कार केला नाही. व्हरांड्याच्या बाकावर बसून कोरा पाय स्वतःच चढवला, पट्टे आवळले आणि उभी राहिली.

"चालू?"

"चाल."

ती निघाली. पाऊल सरळ पडलं. दुसरं सरळ पडलं. पडद्यावरचे रंग टाचेपासून बोटांपर्यंत सारखे पसरत होते, कोऱ्या पायाचे असायला हवेत तसेच. अम्मीने ओढणी तोंडाला लावली. मामा साच्यांच्या खोलीच्या दारातून बघत होते. चटई संपेपर्यंत नाझिया सरळ गेली.

टोकाशी ती वळली. डावीकडे. या वेळी डाव्या टाचेवर नाही, उजव्या पायावर, तिच्या स्वतःच्या, हाडामांसाच्या पायावर. मग थांबली. भार एका बाजूला गेला. मान कलली.

पद्मजाला पडद्यावर दिसत होतं ते एवढंच, की कोरा पाय काही करत नव्हता. तो फक्त भार घेत होता. पण भार तिरपा येत होता, पुन्हा पुन्हा त्याच कडेवर येणार होता, आणि आत कुठेतरी एका आकड्याने एक टोक सोडून दुसरं धरायला सुरुवात केली असणार. महिन्याभरात हा पायही मुरला असता. आणि कुणाच्या चालीत मुरणार होता, ते उघड होतं.

"ठीक आहे ना, मॅडम?" नाझियाने लांबून विचारलं. त्या दिवशी पहिल्यांदाच ती हसली होती. "हलका वाटतोय. वळवत नाही."

हो म्हटलं असतं तर सगळ्यांचं समाधान झालं असतं. अम्मीचे डोळे भरले होते.

"नाही," पद्मजा म्हणाली. "ठीक नाही. ती चाल आता तुझ्या उजव्या पायात उतरली आहे. मी वेळेवर पाय दिला असता तर उतरली नसती. हा नवा पाय ती तुझ्याकडूनच शिकेल. आधी तुझी चाल परत यायला हवी."

नाझियाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. "मग काय करू?"

"तू पूर्वी मैदानावर उतरायचीस, तशी निघ. विचार करून. एकेक पाऊल. आठव."

नाझियाने डोळे मिटले. उजवा पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरला. तो कुठे ठेवायचा ते तिला समजेना. बराच वेळ ती तशी उभी होती. मग तिने पाय होता तिथेच टेकवला आणि बाकाकडे वळली.

"अम्मी, मी कशी चालायची गं?"

"अशी काय विचारतेस, वेडे? मला पाठ आहे." अम्मीने नाक पुसलं, बाकाच्या लाकडावर बोटं टेकवली आणि ठेका धरला. जणू गल्लीच्या तोंडाशी एक पाऊल वाजलं. दुसरं वाजलं. तिसऱ्यासाठी उचललेली बोटं थांबली.

"थांब हां," ती म्हणाली, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

एक पाऊल वाजलं. दुसरं वाजलं.